डॉलरचा वायदा: नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी

“डॉलर आणखी चढणार” हे वाक्य मुंबईत सकाळच्या लोकलपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही ऐकू येते, आणि ते बोलणाऱ्याचा अंदाज बहुतेक वेळा चुकीचाही नसतो. १९९३ च्या मार्चमध्ये रुपयाचा दर बाजारावर सोडला, तेव्हा डॉलर सुमारे ३१ रुपयांना मिळत होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो ६८ च्या वर गेला, २०२२ च्या जुलैत त्याने ८० गाठले आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये ८५ ओलांडले. इतका सरळ दिसणारा चढ समोर असूनही वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्यात, डॉलर घेऊन पैसे घालवलेली माणसे मी फोर्टातल्या एका दलालाच्या कार्यालयात काम करत असताना रोज पाहिली आहेत, आणि त्यांच्यात एकदा मीही होतो. चलनाच्या उद्याच्या भावावर पैसे लावणे म्हणजे नेमके काय, त्याला आज कायद्याची परवानगी किती, आणि पहिला सौदा करण्यापूर्वी कोणता हिशेब कागदावर मांडावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणांतले भाव हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत, आजचे नाहीत.

पहिली पायरी: आपल्याला परवानगी आहे का, ते पाहणे

खाते कसे उघडावे यापासून सुरुवात करण्याची पद्धत आहे, पण २०२४ मध्ये या बाजाराचे दारच अरुंद झाल्यामुळे आधी कायदा सांगणे भाग आहे. एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात, डॉलर-रुपयाचा वायदा २९ ऑगस्ट २००८ रोजी सुरू झाला. २०१० च्या फेब्रुवारीत युरो, पौंड आणि येन यांचे रुपयातले वायदे आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉलर-रुपयाचे ऑप्शन्सही, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणारे सौदेही, आले. त्यानंतर बरीच वर्षे छोटे-मोठे सट्टेबाज या बाजारात बिनदिक्कत ये-जा करत होते. ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात मात्र रिझर्व्ह बँकेने स्पष्ट शब्दांत बजावले, की ज्या सौद्याच्या एका बाजूला रुपया आहे, असा शेअर बाजारातला चलन वायदा किंवा ऑप्शन केवळ प्रत्यक्ष असलेल्या चलन-जोखमीपासून संरक्षण मिळवण्यासाठी, म्हणजे हेजिंगसाठी, घेता येईल. अंमलबजावणीची तारीख आधी ५ एप्रिल होती; ती पुढे ढकलून ३ मे २०२४ करण्यात आली.

यातली एक बारीक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. सर्व बाजारांत मिळून दहा कोटी डॉलरपर्यंतच्या पोझिशनसाठी, म्हणजे उघड्या सौद्यांसाठी, जोखमीचे कागद आधी सादर करावे लागत नाहीत. मात्र ती जोखीम खरोखर असली पाहिजे, ती दुसऱ्या कोणत्याही सौद्याने आधीच झाकलेली नसली पाहिजे, आणि विचारणा झाली तर ती सिद्ध करता आली पाहिजे. कागद न मागण्याच्या सवलतीचा अर्थ काहींनी “जोखीम नसली तरी चालते” असा लावून घेतला, असे रिझर्व्ह बँकेनेच त्या वेळी म्हटले होते. त्यामुळे “कोण विचारतो?” असे म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या भरवशावर परकीय चलन व्यवस्थापन कायद्याशी, म्हणजे फेमाशी, खेळू नये. निर्देशांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून सौद्याच्या आधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची ताजी प्रत एकदा वाचावी.

जोखीम म्हणजे काय, ते उदाहरणाने पाहू. भिवंडीच्या कारखानदाराने परदेशातून यंत्र मागवले आहे आणि त्याचे पैसे तीन महिन्यांनी डॉलरमध्ये द्यायचे आहेत, ही जोखीम. अंधेरीच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला परदेशी ग्राहकाकडून बिलाचे पैसे यायचे आहेत, तीही जोखीम. मुलुंडच्या घरातल्या मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला असून पुढच्या सत्राच्या फीची रक्कम आणि तारीख लेखी कळवलेली आहे, हेही त्यात बसते. “दोन वर्षांनी धाकट्यालाही पाठवायचा विचार आहे” हे मात्र बसत नाही, कारण त्यामागे अजून कोणताही करार नाही.

ज्याच्याकडे अशी कोणतीही जोखीम नाही आणि ज्याला केवळ भावाच्या चढउतारावर कमवायचे आहे, त्याच्यासाठी रुपयातल्या जोड्यांचे, म्हणजे एका बाजूला रुपया असलेल्या सौद्यांचे, दार आज बंद आहे, हे मी आडपडदा न ठेवता सांगतो. वरचा निर्देश रुपया असलेल्या सौद्यांपुरता आहे. युरो-डॉलर, पौंड-डॉलर आणि डॉलर-येन या रुपया नसलेल्या तीन जोड्या २०१८ च्या फेब्रुवारीपासून आपल्या बाजारांत आल्या. त्यांचा हिशेब रुपयातच चुकता होतो, पण तिथे उलाढाल इतकी विरळ असते, की घेतलेला सौदा हव्या त्या भावाला विकण्यासाठी समोर माणूसच सापडत नाही. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी आपला ब्रोकर त्या जोड्या कोणत्या अटींवर देतो, ते लेखी विचारून घ्यावे. ज्याला डॉलर दीर्घकाळ वाढेल असे वाटते, त्याने परदेशी शेअरांत गुंतवणूक करणारा म्युच्युअल फंड घेतला, तर डॉलर चढल्याचा फायदा त्याच्या युनिटच्या किमतीत आपोआप उतरतो. अर्थात त्याबरोबर त्या शेअरांची तेजी-मंदीही घरात येते.

दुसरी पायरी: कोणत्या दारातून जायचे नाही

येथे थोडे थांबावे लागेल, कारण अधिकृत दार अरुंद झाल्यापासून बाजूच्या गल्लीतली गर्दी वाढली आहे. टेलिग्रामवरच्या एखाद्या गटात तुम्हाला कोणीतरी जोडतो. तिथे युरो-डॉलरच्या सौद्यांचे हिरवे आकडे रोज दाखवले जातात आणि एका परदेशी ॲपवर “पाचशेपट लीव्हरेज”चे, म्हणजे भरलेल्या रकमेच्या पाचशेपट सौदा करण्याचे, आमिष असते. पैसे भरायला सांगतात ते यूपीआयने, कुठल्यातरी ट्रेडिंग नावाच्या खात्यावर, आणि ते नाव प्रत्येक वेळी बदललेले असते. पहिल्या आठवड्यात पाच हजार रुपये काढून पाहिले, तर ते निमूटपणे परत येतात. त्या पाच हजारांच्या विश्वासावर माणूस दोन-तीन लाख भरतो, आणि ते काढायला गेल्यावर “आधी नफ्यावरचा कर भरा” असा संदेश येतो. ज्या ॲपवर पैसे काढण्यासाठी पैसे भरावे लागतात, तिथे सौदा झालेलाच नसतो. पडद्यावर फक्त आकडे हलत असतात.

समजा ॲप खरे असले, तरी निवासी भारतीयाला परकीय चलनाचे सौदे अधिकृत व्यक्तींशी आणि रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या मंचांवर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारांतच करता येतात. उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, पण परदेशी बाजारात किंवा परदेशी दलालाकडे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, भरण्यासाठी ती वापरायला मनाई आहे. फेमाच्या उल्लंघनाला गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटपर्यंत दंड होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने अनधिकृत मंचांची सावधानतेची यादी प्रथम ७ सप्टेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध केली आणि तिच्यात भर पडत गेली आहे. मात्र एखादे नाव त्या यादीत नाही म्हणून ते अधिकृत ठरत नाही. अधिकृत मंचांची यादी वेगळी आहे आणि पाहायची ती तीच. पैसे अडकलेच, तर १९३० या सायबर-गुन्हे मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी, कारण रक्कम खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

तिसरी पायरी: लॉट म्हणजे किती, ते हाताला कळणे

लॉट म्हणजे सौद्याचे सर्वांत लहान माप. डॉलर-रुपयाच्या वायद्याचा एक लॉट १,००० डॉलरचा असतो. युरो आणि पौंडाचा लॉटही १,००० चाच असतो. येनचा लॉट १ लाख येनचा आणि भाव दर १०० येनला सांगितलेला. त्यामुळे चारही जोड्यांत एक गोष्ट सारखी राहते: भाव एक पैसा हलला, की एका लॉटमागे दहा रुपये हलतात. भाव चार दशांश स्थळांत लिहिला जातो आणि कमीत कमी पाव पैशाने, म्हणजे ०.००२५ रुपयाने, बदलतो. लॉटमागे ते अडीच रुपये होतात. “पैशाला दहा रुपये” हे सूत्र तोंडपाठ झाले, की पुढचा सगळा हिशेब मनातल्या मनात करता येतो.

डॉलर ८४ रुपयांना असेल, तर एक लॉट ८४ हजारांचा झाला. खात्यात ठेवावी लागते ती रक्कम साधारण दोन-तीन टक्के, म्हणजे दोन हजारांच्या थोडी वर. तिला मार्जिन म्हणतात. नवख्याला ती किंमत वाटते, आणि इथेच त्याची पहिली चूक होते. मार्जिन ही अनामत आहे. नफा-तोटा मात्र पूर्ण ८४ हजारांवर मोजला जातो. सौदा संपतो तोही रोख रुपयांत. कोणी कोणाला एकही डॉलर देत नाही.

चौथी पायरी: वायद्याच्या भावात आधीच काय मिसळलेले आहे, ते ओळखणे

या लेखातली एकच पायरी वाचायची असेल, तर ही वाचावी. हजर बाजारात, म्हणजे लगेच देण्याघेण्याच्या भावाने, डॉलर ८४.०० ला आहे आणि तीन महिन्यांनंतरचा वायदा ८४.४१ च्या आसपास दिसतो आहे, असे समजा. नवखा म्हणतो, “बघा, बाजारालाच वाटते आहे की डॉलर ४१ पैशांनी चढणार.” बाजाराला तसे काहीही वाटत नसते. हा फरक दोन देशांच्या व्याजदरांतून निघतो, आणि तो पाटीवर सोडवून दाखवता येतो.

एखाद्या बँकेने साडेसहा टक्के दराने ८४ लाख रुपये तीन महिन्यांसाठी उचलले आणि त्यांतून एक लाख डॉलर घेऊन साडेचार टक्क्यांनी ठेवले. तीन महिन्यांनी तिला रुपयांत ८५,३६,५०० फेडायचे आहेत आणि हातात १,०१,१२५ डॉलर येणार आहेत. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले, की ८४.४१५३ येतात. वायद्याचा भाव याच्यापेक्षा बराच वर असेल, तर बँक आजच ते डॉलर वायद्यात विकून बिनजोखमीचा नफा कमावेल. बराच खाली असेल, तर उलटा सौदा करेल. अशा बँका अनेक असतात, म्हणून भाव याच आकड्याभोवती घुटमळत राहतो. या साडेएक्केचाळीस पैशांना प्रीमियम म्हणतात. त्यात कोणाचेही भाकीत नाही, ते निव्वळ व्याजाचे गणित आहे.

आता सट्ट्याच्या नजरेने पाहा. तुम्ही ८४.४१ ला एक लॉट घेतला. तुमचा अंदाज बरोबर ठरला, रुपया घसरला आणि मुदत संपताना डॉलर ८४.३० ला पोचला. पेपरात “डॉलर ३० पैशांनी महागला” असे छापून आले, आणि तुमच्या खात्यातून लॉटमागे ११० रुपये गेले. दिशा बरोबर असून तोटा झाला, कारण तुम्हाला डॉलर नुसता चढायला नको होता. तो मुदतीच्या आत ४१ पैशांहून अधिक चढायला हवा होता.

हे कागदी उदाहरण नाही. २०२२ संपताना डॉलर ८२.७० च्या आसपास होता आणि २०२३ संपताना ८३.२० च्या आसपास. म्हणजे वर्षभरात तो एक टक्कासुद्धा चढला नाही. त्या वर्षी प्रीमियम त्याहून बराच जास्त होता, त्यामुळे दर महिन्याला डॉलरचा वायदा घेऊन पुढे ढकलत राहिलेला माणूस चढलेल्या डॉलरवर तोट्यात गेला. त्याच्या समोर विक्रीला बसलेला माणूस महिन्याचे भाडे गोळा करावे तसा प्रीमियम गोळा करत होता. पण विक्रेत्याचेही सुख शांत वर्षापुरते असते. एखाद्या आठवड्यात रुपया दोन रुपयांनी कोसळला, की वर्षभराचे भाडे एका फटक्यात परत द्यावे लागते.

ज्याला हेजिंग करायचे आहे, त्याच्यासाठी हाच प्रीमियम आयातदार असल्यास संरक्षणाचा खर्च आणि निर्यातदार असल्यास वरकड कमाई ठरतो. म्हणून सौद्याच्या वहीत पहिल्या ओळीत हजर भाव, दुसऱ्या ओळीत वायद्याचा भाव आणि तिसऱ्या ओळीत त्यांतला फरक लिहावा, आणि “मुदतीपर्यंत डॉलर या तिसऱ्या ओळीपेक्षा जास्त का चढेल?” याचे उत्तर दोन वाक्यांत लिहिता आले नाही, तर सट्ट्याच्या अंगाने तो सौदा सोडून द्यावा.

पाचवी पायरी: खाते आणि कागद

यात विशेष अवघड काही नाही. सेबीकडे नोंदणी असलेला ब्रोकर निवडावा आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळावा. पॅन, आधार, बँक खाते आणि डेरिव्हेटिव्हसाठी, म्हणजे वायदे-ऑप्शन्ससाठी, उत्पन्नाचा पुरावा दिला, की करन्सी सेगमेंट, म्हणजे खात्यातला चलनाचा विभाग, सुरू होतो. २०२४ नंतर ब्रोकर जोखमीबद्दलचे घोषणापत्र घेतात. त्यावर न वाचता ‘मान्य’ दाबू नये, कारण त्या एका टिकमार्कने तुम्ही जोखीम असल्याचे लिहून देत असता. फीचे पत्र, आयातीचे बिल किंवा निर्यातीचा करार यांची प्रत सौद्याच्या तारखेसह एका फाइलमध्ये ठेवावी.

ज्याला केवळ डॉलर विकत घ्यायचे आहेत, वायदा नको आहे, त्याने क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा एफएक्स-रिटेल हा मंच पाहावा. ही संस्था आपल्या दादरचीच आहे आणि तो मंच २०१९ च्या ऑगस्टपासून चालू आहे. आपल्या बँकेमार्फत त्यावर नोंदणी करता येते आणि शाखेच्या काउंटरवर सांगितला जाणारा भाव किती फुगलेला आहे, तेही त्यामुळे कळते.

सहावी पायरी: किती लॉट

समजा वेगळी काढलेली रक्कम ३० हजार आहे. मार्जिन एका लॉटला २,१०० धरले, तर ब्रोकरचे ॲप तुम्हाला १४ लॉट घेऊ देईल. आता दुसऱ्या बाजूने मोजा. अंदाज चुकल्यावर १५ पैशांवर बाहेर पडायचे ठरवले, तर लॉटमागे १५० रुपये जातील. एका चुकीत एकूण रकमेच्या एक टक्क्याहून, म्हणजे ३०० रुपयांहून, अधिक गमवायचे नाही असे ठरवले, तर दोनच लॉट निघतात. ॲपने दिलेले चौदा आणि वहीने दिलेले दोन, या दोन आकड्यांतल्या अंतरात बहुतेक नवखे बुडतात.

हेजिंगमध्ये प्रश्न वेगळा असतो. मुलुंडच्या त्या घराला पाच महिन्यांनी २०,००० डॉलर फी भरायची आहे. पूर्ण झाकायचे तर २० लॉट लागतील. पण डॉलर एक रुपयाने उतरला, तर वायद्याच्या खात्यातून २०,००० रुपये लगेच जातात, आणि फी स्वस्त झाल्याचा तेवढाच फायदा मात्र पाच महिन्यांनी मिळतो. हिशेब बरोबर जुळतो, वेळ जुळत नाही. म्हणून मार्जिनच्या वर निदान दोन रुपयांच्या हालचालीइतकी, म्हणजे या उदाहरणात ४० हजारांची, रोकड हाताशी नसेल, तर पूर्ण फी झाकण्याऐवजी निम्मी झाकावी, असे माझे मत आहे. वायद्याने डॉलर मिळत नाहीत, हेही घरात आधीच सांगून ठेवावे. फीसाठी डॉलर शेवटी बँकेकडूनच घ्यायचे असतात, आणि बँकेचा फरक, जीएसटी आणि लागू असल्यास टीसीएस, म्हणजे बँक आधीच वसूल करते तो कर, हा खर्च वेगळा राहतो.

सातवी पायरी: सौदा टाकणे आणि रोजचा हिशेब सोसणे

बाजार सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच चालतो. २०२४ नंतर उलाढाल रोडावली असल्यामुळे ‘मार्केट ऑर्डर’, म्हणजे मिळेल त्या भावाचा सौदा, टाकू नये, आपला भाव लिहून ‘लिमिट ऑर्डर’च टाकावी. खरेदी आणि विक्रीच्या भावांत चार-पाच पैशांचे अंतर दिसत असेल, तर आत शिरतानाच लॉटमागे चाळीस-पन्नास रुपये गेले असे समजावे. दूरच्या महिन्यात बहुधा शुकशुकाट असतो. चालू आणि त्यापुढचा महिना एवढ्यातच काम करणे बरे.

रोज बाजार बंद झाल्यावर त्या दिवसाच्या भावाने नफा-तोटा खात्यात जमा किंवा वजा होतो. याला मार्क-टू-मार्केट म्हणतात. एक लॉट ८४.४००० ला घेतला असे धरू. पहिल्या संध्याकाळी भाव ८४.३१५० वर बंद झाला: ८५ रुपये वजा. दुसऱ्या संध्याकाळी ८४.५२२५: २०७.५० जमा. तिसऱ्या सकाळी बाजार खालीच उघडला आणि ८४.१००० वर बंद झाला: ४२२.५० वजा. तीन दिवसांत एकूण ३०० रुपये गेले. डॉलर ३० पैसे, म्हणजे एक टक्क्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका, हलला आणि २,१०० च्या अनामतीतला सातवा हिस्सा गेला.

रोजच्या या वसुलीचा नवख्याला जाच वाटतो. पण ती नसल्यावर काय होते, ते या शहराने एकदा पाहिले आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशावर बॅकबे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांच्या शेअरांचे मुदतीचे सौदे झाले, आणि १ जुलै १८६५ या एकाच दिवशी त्यांचा हिशेब चुकता करायचा होता. युद्ध त्याच्या आधीच संपले होते आणि कापूसही कोसळला होता. पैसे देण्याच्या दिवशी देणारे उरलेच नाहीत. आजची रोज संध्याकाळची वजावट त्या महिनोन्महिने साचणाऱ्या देण्याला आळा घालते.

स्टॉपलॉसबद्दल, म्हणजे ठरलेल्या भावाला तोटा थांबवून सौदा आपोआप कापणाऱ्या ऑर्डरबद्दल, एक इशारा द्यायला हवा. रुपयाला हलवणाऱ्या बऱ्याच बातम्या आपले दुकान बंद झाल्यावर येतात. अमेरिकेच्या महागाईचा आकडा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला येतो. फेडरल रिझर्व्हचा व्याजदराचा निर्णय रात्री साडेअकरा किंवा साडेबाराला कळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार थेट वेगळ्याच भावावर उघडला, तर ८४.२५ वर ठेवलेला स्टॉपलॉस ८४.१० ला लागतो, किंवा लिमिट लावलेला असेल तर लागतच नाही. अशा रात्री सौदा निम्मा करून घरी जावे. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाची घोषणा सकाळी दहाला, म्हणजे बाजार चालू असताना, होते. त्या अर्ध्या तासात नवख्याने केवळ बघत राहावे. खनिज तेलाचे भाव, परदेशी गुंतवणूकदारांची शेअर बाजारातली खरेदी-विक्री आणि महिनाअखेरीस तेल कंपन्यांकडून येणारी डॉलरची मागणी या गोष्टी रोज पाहायच्या. रिझर्व्ह बँक स्वतः डॉलर विकायला किंवा घ्यायला केव्हा उतरेल, हे आधी कळत नाही, आणि ती उतरली की तक्त्यावरच्या रेषा कोणी मोजत बसत नाही.

माझी चूक याच पायरीवरची आहे. २०१३ च्या जुलैच्या सुरुवातीला मी डॉलर घेऊन बसलो होतो आणि खात्यातली जवळपास सगळी रक्कम मार्जिनमध्ये अडकवली होती. ८ जुलैला रुपया ६१ च्या पलीकडे गेला. त्याच सुमारास नियामकांनी बँकांना या बाजारात स्वतःच्या खात्यावर सौदे करण्यास मनाई केली आणि डॉलर-रुपयाचे मार्जिन दुप्पट झाले. दुप्पट रक्कम माझ्याकडे नव्हती, म्हणून निम्म्याहून अधिक लॉट मला मिळेल त्या भावाला कापावे लागले. ऑगस्ट संपण्याआधी डॉलर ६८ च्या वर गेला, आणि तो आकडा मी चर्चगेटला फलाटावर उभा राहून मोबाइलवर वाचला.

आठवी पायरी: मुदत संपताना

महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन कामकाजी दिवस आधी त्या महिन्याचा वायदा संपतो. शेवटचा दिवस शुक्रवार, ३१ तारीख असेल आणि मध्ये सुट्टी नसेल, तर वायदा बुधवारी, २९ तारखेला संपेल. त्या दिवशी सौदे दुपारी साडेबारालाच थांबतात, पाचला नाही. ही गोष्ट विसरून जेवणानंतर सौदा कापायला बसलेली माणसे दर महिन्याला भेटतात. अंतिम हिशेब एफबीआयएल या संदर्भ दर काढणाऱ्या संस्थेच्या त्या दिवशीच्या दराने होतो. २०१८ च्या जुलैपर्यंत हा दर रिझर्व्ह बँक स्वतः काढत असे. तो त्या सकाळच्या प्रत्यक्ष व्यवहारांतून काढला जातो, त्यामुळे पडद्यावर शेवटी दिसलेला भाव आणि हिशेबाचा दर यांत थोडाफार फरक पडू शकतो.

जोखीम पुढेही चालू असेल, तर चालू महिन्याचा वायदा विकून पुढच्या महिन्याचा घ्यायचा असतो. याला रोलओव्हर म्हणतात. तो शेवटच्या दिवशी सकाळी घाईने न करता दोन-तीन दिवस आधी, दोन्ही महिन्यांत समोर भाव दिसत असताना करावा, आणि त्यात भरलेला फरक वहीत प्रीमियमच्याच रकान्यात लिहावा.

नववी पायरी: वही आणि कर

चलन वायद्यावर एसटीटी, म्हणजे शेअर बाजारातल्या सौद्यांवरचा कर, लागत नाही. ब्रोकरेज, बाजाराचे शुल्क, सेबीचे शुल्क, मुद्रांक शुल्क आणि जीएसटी मात्र लागतात. एका लॉटवर ही रक्कम किरकोळ दिसते, पण पाच पैशांच्या नफ्यासाठी दिवसातून सहा वेळा आत-बाहेर करणाऱ्याने महिनाअखेरीस ब्रोकरच्या पत्रकात हा एकच रकाना बेरीज करून पाहावा. या सौद्यांचे उत्पन्न सामान्यतः व्यवसायाचे उत्पन्न म्हणून आयटीआर-३ या विवरणपत्रात दाखवले जाते, म्हणून पगारदार माणसाने पहिल्याच वर्षी सीएला ब्रोकरचे नफा-तोटा पत्रक दाखवावे. तोटा झाला असला तरी विवरणपत्र मुदतीत भरावे. मुदत चुकवली, तर तो तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही.

ज्याच्याकडे अजून जोखीमही नाही आणि घाईही नाही, त्याने तीन महिने कागदावर सौदे करावेत. दर सोमवारी सकाळी हजर भाव, वायद्याचा भाव, फरक, आपली दिशा, बाहेर पडण्याचा भाव आणि त्यामागचे कारण अशा सहा गोष्टी पेनने लिहाव्यात, आणि वायदा संपण्याच्या दिवशी दुपारी संदर्भ दर जाहीर झाला, की तो शेजारी लिहून पैशाला दहा रुपये या हिशेबाने फरक मांडावा. आकडा तोट्याचा आला, तर कारणाच्या रकान्यातले वाक्य खोडू नये. त्याखाली पुढच्या महिन्याचे वाक्य लिहावे.